तुम्ही विचारलंत म्हणून: इथेनॉल आणि धर्मट्टी

‘एनएमआर शिकवताना दर वेळी धर्मट्टींचं नाव कशाला? आपला माणूस म्हणूनच ना?’ हे इतक्यांदा ऐकलंय की आता एकदाचं नीट उत्तर देते. एनएमआर म्हणजे चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या अणुकेंद्रांच्या रेडिओ-संकेतांवरून पदार्थाची रचना ओळखायची पद्धत, आणि धर्मट्टी हे त्यावर काम केलेले भारतीय भौतिकशास्त्रज्ञ.

हो, आपला माणूस म्हणूनही. त्यात लपवायचं काय? पण तेवढंच कारण असतं तर मी एवढी हट्टाला पेटले नसते.

एनएमआर दाखवून देणारे ब्लॉख आणि पर्सेल, त्यांचं १९५२ चं नोबेल हे सगळ्यांना पाठ असतं. मधलं कुणी विचारत नाही. भौतिकीवाल्यांना अणुकेंद्रांचं चुंबकत्व अचूक मोजायचं होतं. १९५० मध्ये स्टॅनफर्डला प्रॉक्टर आणि यू यांनी अमोनियम नायट्रेटचं द्रावण यंत्रात लावलं, तर नायट्रोजनच्या संकेताच्या एका रेषेऐवजी दोन आल्या. एक अमोनियमची, एक नायट्रेटची. अणुकेंद्र तेच, पण आजूबाजूचे इलेक्ट्रॉन वेगळे. मोजणाऱ्यांना ही अडचणच: खरा आकडा कोणता धरायचा?

पुढच्याच वर्षी, तिथेच, आर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड यांनी साधं इथेनॉल लावलं. वर्गात मी इथे थांबतेच. आलेखात हायड्रोजनचे तीन उंचवटे, क्षेत्रफळं ३:२:१. इथेनॉलच्या रेणूतल्या मिथाइल (CH₃) गटाचे तीन हायड्रोजन, मिथिलीनचे (CH₂) दोन, हायड्रॉक्सिलचा (OH) एक. मिथाइल आणि मिथिलीन यांच्यातलं अंतर दशलक्षात जेमतेम अडीच भाग. नमुन्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत चुंबकीय क्षेत्र तेवढंही बदललं, की सगळं एकमेकांत मिसळून जातं. एवढ्या नाजूक फरकातून, पदार्थ न फोडता, न जाळता, रेणूतले हायड्रोजन कुठे बसलेत ते समोर आलं!

‘पण केमिकल शिफ्ट त्यांनी शोधली नाही.’ मान्य. आजूबाजूच्या इलेक्ट्रॉनमुळे रेषा सरकते, त्यालाच केमिकल शिफ्ट म्हणतात, आणि ती आधी पाहणारे प्रॉक्टर-यू आणि दुसरे एक संशोधक डिकिन्सन. विज्ञानाला देश नसतो, असं पंचविशीत मीही ठणकावून सांगायचे, आणि ते वाक्य आजही मला खोडता येत नाही. तरी अडचण दिसणं वेगळं आणि त्याच अडचणीतून रेणू वाचून दाखवणं वेगळं, यावर मी ठाम आहे.

एका अभ्यासक्रमाच्या बैठकीत माझ्या टिपणातलं धर्मट्टींचं नाव लाल पेनाने खोडलं गेलं. ‘परीक्षेला येत नाही.’ धर्मट्टी पुढे मुंबईत आले, टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) त्यांनी एनएमआरचं काम उभं केलं, आणि त्याच मुंबईत हे ऐकावं लागलं. ते अजून मनाला लागतं.

माझं म्हणणं खोडून काढायचंच असेल तर एवढं विचारा, की आर्नोल्ड आणि पॅकार्ड यांची नावं मी तितक्याच आवाजात घेते का. त्याचं उत्तर माझ्याकडे तयार नाही.