अर्धं तिकीट, वाई

आईच्या घरचा माळा आवरताना फिरकीचा तांब्या सापडला. पितळेचा, काळा पडलेला, पोटावर एक पोचा. चिंच लावून घासला तशी बुडावर टिंबाटिंबांनी घातलेली आजीची अक्षरं वर आली. झाकण मात्र काही केल्या बसेना. आई पलंगावरूनच म्हणाली, "आधी उलटी फिरव. टक् होईल. मग सुलटी." तसं केलं आणि फिरकी आट्यांवर अलगद बसली.

त्याच आठवड्यात तो तांब्या भरून घेतला आणि स्वारगेटवरून वाईची एसटी पकडली. आजोळच्या घरात आता आमचं कुणी राहत नाही. तरी त्या रस्त्यानं, त्याच गाडीनं एकदा जायचंच होतं.

सत्तरच्या दशकात मे महिना लागला की आमची हीच वाट. गाडी फलाटाला लागायच्या आत लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायचे. हमाल मागच्या शिडीनं आमची ट्रंक आणि वळकटी टपावर चढवायचा आणि ती नीट बांधली का, हे बघितल्याशिवाय आई आत शिरायची नाही. मला खिडकी. तांब्या आईच्या पायाशी, ओल्या फडक्यात गुंडाळलेला.

मग कंडक्टर. त्यांच्या हातातल्या पत्र्याच्या पेटीत वेगवेगळ्या किमतीच्या तिकिटांचे गठ्ठे ओळीनं खोचलेले असत. दोन-तीन गठ्ठ्यांतून एकेक तिकीट फाडायचं, एकावर एक धरायचं आणि पंचनं कट्कन भोक पाडायचं. पुढे सरकताना तोच पंच दांडीवर टकटक वाजवायचे. छताला लावलेली दोरी एकदा ओढली की गाडी थांबणार, दोनदा ओढली की निघणार. ती दोरी एकदा तरी ओढायला मिळावी, ही माझी त्या वयातली सगळ्यांत मोठी इच्छा होती. आजोळी पोचलो की भावंडं जमवून ओसरीवर एसटी सुरू. वाटेत जपून ठेवलेली तिकिटं आणि आजीचा अडकित्ता हाच पंच. आजोबा प्रवासी होऊन बसत आणि दर वेळी नगरचंच तिकीट मागत. पहिली एसटी पुण्याहून नगरलाच गेली होती, १ जून १९४८ ला, हे मी त्या खेळात शिकले.

"कुठं, मावशी?" कंडक्टरनं विचारलं. पंचविशीतली मुलगी होती, गळ्यात तिकिटाचं मशीन. मी वाई म्हटलं. "अर्धंच ना," म्हणत तिनं बटणं दाबली. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत निम्मं भाडं लागतं, हे माहीत होतं. पण 'अर्धं' हा शब्द कानावर पडला आणि घसा दाटून आला. बारा वर्षं पुरी होईपर्यंत माझं अर्धंच तिकीट असायचं. तेरावं लागल्यावर आईनं पहिल्यांदा पूर्ण तिकीट काढलं आणि ते माझ्याच हातात दिलं. किती तरी वर्षं ते माझ्या कंपासपेटीत होतं.

शिरवळजवळ नीरा ओलांडली की सातारा जिल्हा लागतो. आई तिथे हात जोडायची, तिचं माहेर सुरू व्हायचं. मीही जोडले. पुढे खंबाटकी. तेव्हा या घाटात गाड्या तापायच्या. ड्रायव्हर बाजूला घेऊन पाणी ओतायचे, माणसं खाली उतरायची आणि आईचा तांब्या हातोहात फिरायचा. वरून धार धरून प्यायचं, तोंड लावायचं नाही. ओळख ना पाळख, पण कुणी "बाई, घोटभर पाणी" म्हटलं की आई फिरकी उघडायला लागायची. स्वतःसाठी ठेवलेलं पाणी संपतंय, याची काळजी तिच्या चेहऱ्यावर मी कधी बघितली नाही. आता गाडी न थांबता घाट चढून गेली. बहुतेकांजवळ आपापली बाटली होती.

सुरूर फाट्याला वळलो आणि जुने वड दिसले. सावली आत येऊन अंगावरून सरकत जाते, ती अगदी तशीच.

वाईत घाटावर बसले. ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे, पुराचं पाणी दुभंगून जावं म्हणून. आजीनं हात धरून दाखवली होती, तिथे हात टेकून आले. घरावरून गेले, थांबले नाही.

परतीच्या गाडीत शेजारी एक आई आणि सात-आठ वर्षांची मुलगी. येताना घाट लागत नाही, बोगदा लागतो. बोगदा संपल्यावर त्या मुलीची नजर तांब्यावर पडली. तिला पाणी हवं होतं, त्याहून जास्त ते झाकण हवं होतं. वरून पिताना निम्मं फ्रॉकवर सांडलं. मग ती फिरकी लावायला बसली. तिरकी बसली, काढली, पुन्हा तिरकी.

"आधी उलटी फिरव," मी म्हटलं.

तिनं जीभ दातात धरून हळूहळू फिरवली. टक्.