रीफ टँकची लाइट घेताय? आधी कोरल ठरवा

"दादा, तीन फुटी टँक आहे, रीफ करायचाय, लाइट कुठली घेऊ?" असा मेसेज आला (रीफ म्हणजे खाऱ्या पाण्यातला कोरलचा, प्रवाळाचा टँक) की मी उलट विचारतो, कोरल कुठली ठेवणार? त्यावर ठरलेलं उत्तर येतं, ते नंतर बघू, आधी लाइट एकदाच भारीतली घेऊन टाकतो म्हणजे पुढे कटकट नको. मग घरात अशी लाइट येते की पन्नास टक्क्यांवर चालवली तरी खालचे मशरूम (ही पण एक मऊ कोरलच) आक्रसून बसतात, आणि मालक ग्रुपवर विचारत असतो की पाण्यात काय कमी पडतंय, आयोडीन टाकू का, ट्रेस एलिमेंट टाकू का. अरे बाबा पाणी ठीक आहे तुझं, लाइट कमी कर.

तर माझं म्हणणं असं की भारतात बसून रीफ टँक करणाऱ्या बहुतेकांना त्या महागड्या हाय पॉवर लाइटची गरजच नाहीये, आणि त्याचं पहिलं कारण लाइटचं नाहीच, कायद्याचं आहे.

ज्यांना आपण हार्ड कोरल म्हणतो ती, म्हणजे अ‍ॅक्रोपोरा, मॉन्टीपोरा, आणि हो, सगळ्यांना हवे असलेले हॅमर आणि टॉर्चसुद्धा, स्क्लेरॅक्टिनिया गटात येतात आणि हा अख्खा गट २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या शेड्यूल वनमध्ये आहे, जिथे वाघ आहे तिथेच. सी फॅन, ब्लॅक कोरल, फायर कोरल, ऑर्गन पाइप कोरल पण त्याच यादीत. "इम्पोर्टेड आहे सर, काही टेन्शन नाही" असं दुकानदार सांगतो, पण इम्पोर्टेड हार्ड कोरललासुद्धा साइटीसचे (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचे) कागद लागतात, आणि कागद दाखवा म्हटलं की लगेच दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतो. मी त्या भानगडीत पडत नाही. मग उरतं काय, तर झोआ, मशरूम, लेदर, सिन्युलेरिया, झेनिया, ग्रीन स्टार पॉलिप. म्हणजे सॉफ्टी टँक, मऊ कोरलचा. आणि नाक मुरडू नका, चांगला भरलेला झोआ गार्डन बघितला नसेल तर आधी बघा आणि मग बोला.

आता यांना लाइट किती लागते ते बघू. रीफवाले पार नावाचा आकडा वापरतात, म्हणजे ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला, प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा प्रकाश, तो मायक्रोमोलमध्ये मोजतात, युनिट लांबलचक आहे, सोडून द्या, आकडे लक्षात ठेवा. भर दुपारच्या उन्हात पाण्याबाहेर पार साधारण २००० असतो. टँकमध्ये मशरूमला ३० ते ८० पुरतो, झोआ आणि लेदरला साधारण ६० ते १५०, आणि अ‍ॅक्रोपोरासारख्या हार्ड कोरलला लोक २०० ते ३५० देतात. अमेरिकेतले जे व्हिडिओ बघून आपण लाइट ठरवतो ते बरेचसे या शेवटच्या गटासाठी केलेले असतात. त्यांची लाइट त्यांच्या अ‍ॅक्रोपोरासाठी, आणि ती आपण लावणार मशरूमवर.

जास्त लाइट दिली तर वाढ जास्त, असंही नसतं. कोरल म्हणजे प्राणी, पण त्याच्या अंगात झूझँथेली नावाचं शेवाळ राहतं, ते प्रकाशावर अन्न बनवतं आणि त्यातलं बरंचसं कोरलला देतं. या शेवाळाची एक मर्यादा असते, त्यापुढे प्रकाश वाढवला की ते वापरू शकत नाही, पेशीत घातक ऑक्सिजन साठायला लागतो, आणि शेवटी कोरल आपल्या भाडेकरूंनाच बाहेर काढतं. यालाच ब्लीच होणं म्हणतात. म्हणजे लाइट कमी पडली तर कोरल हळूहळू तपकिरी पडतं, लांब मान काढतं, तुम्हाला वेळ मिळतो. जास्त झाली तर आठवड्यात पांढरं. कमी दिल्याने मेलेले मशरूम मी तरी बघितले नाहीत.

मुंबईकरांसाठी जरा विषयांतर. हाजी अली आणि वरळीच्या खडकांवर खरीखुरी कोरल्स आहेत, कोस्टल रोडच्या कामात २०२० मध्ये त्यातली काही काढून दुसरीकडे बसवली होती, तेव्हा पेपरात आलं म्हणून बऱ्याच लोकांना पहिल्यांदा कळलं. आपल्या त्या चहासारख्या गढूळ पाण्यात ती जगतात, किनाऱ्यालगतच्या उथळ डबक्यांत, जिथे निदान ओहोटीला ऊन पोचतं. बघायला जरूर जा, हात लावू नका, घरी तर अजिबात आणू नका, ती पण शेड्यूल वनच.

आता खरी गोची. एलईडीची लाइट डोळ्यांना दिसते त्यापेक्षा कोरलला कितीतरी जास्त पोचते. माणसाचा डोळा उजेडात ५५५ नॅनोमीटरच्या हिरव्या रंगाला सगळ्यात जास्त दाद देतो, आणि ४५० च्या निळ्याला त्याच्या जेमतेम चार टक्के. रीफ लाइट तर चालते मुख्यत्वे ४०० ते ४८० मध्ये, कारण झूझँथेलीचं क्लोरोफिल तिथेच जोरात शोषून घेतं, आणि समुद्रात लाल प्रकाश वरच्या काही मीटरमध्ये संपतो, खोल पोचतो तो निळा. त्यामुळे टँक आपल्याला मंद निळा दिसतो, आपण म्हणतो अंधारच आहे की, आणि अ‍ॅपमधला स्लायडर सरकवतो वर. मोबाइलमधलं लक्स मीटर अ‍ॅप पण इथे कामाचं नाही, लक्सचं गणित डोळ्याच्याच हिशोबाने बांधलेलं आहे, निळ्यात ते डोळ्यासारखंच फसतं.

म्हणून पार मीटर. अपॉजीचा एमक्यू-५१० बरेच जण वापरतात, पाण्याखालीच मोजतो आणि निळा नीट धरतो, जुनी काही मॉडेल्स निळा कमी दाखवायची. विकत घ्यायला महाग आहे आणि वर्षातून दोनदा लागणाऱ्या वस्तूवर कोणी एवढे घालवत नाही, तर आमच्या ग्रुपने वर्गणी काढून एक घेतलाय, तो घरोघरी फिरतो. ज्याच्याकडे ग्रुप नाही त्याने दुकानात विचारावं, काही जण भाड्याने देतात. मोजताना टँकच्या मधोमध एकदा बुडवून आकडा घ्यायचा नाही. काठीला सेन्सर बांधून सेन्सरचं तोंड वर ठेवायचं, पंप चालूच ठेवायचा, कारण लाटांमुळे आकडा वरखाली होतो आणि कोरलला तसाच मिळत असतो. माझ्या टँकमध्ये खडकाच्या टोकाला १९० आला, तिथून जेमतेम एक वीत बाजूला खडकाच्या सावलीत ५५, आणि वाळूवर समोरच्या काचेजवळ ४०. एकाच टँकमध्ये, एकाच लाइटखाली. म्हणजे मशरूम सावलीत, लेदर मधे, आणि झोआची एकदम चमकणारी जात टोकाच्या थोडी खाली. लाइट न बदलता नुसता दगड सरकवून अर्धे प्रश्न सुटतात.

आता विकत घेताना काय बघायचं. तीन फुटी टँकला एक मोठी लाइट मधे टांगण्यापेक्षा दोन छोट्या घ्या, मी तरी हेच सांगतो. एलईडी एका ठिकाणाहून झोत टाकतात, मधे भरपूर आणि कडेला अंधार, खडकाच्या मागे तर काळोखच. दोन लाइट असल्या की एकीची सावली दुसरी भरून काढते, आणि एक बंद पडली तर टँक पूर्ण अंधारात जात नाही. एआय प्राइम किंवा त्या ताकदीची लाइट साधारण दोन फूट बाय दोन फूट जागेला सॉफ्टीसाठी पुरते. केसिल ए-३६०एक्स किंवा रेड सीची रीफएलईडी ९० या दोन्ही नव्वद वॉटच्या, सुंदर लाइट आहेत, पण दीड फूट उंचीच्या सॉफ्टी टँकवर अशी एकेक लावून तीस टक्क्यांवर चालवत असाल तर उरलेल्या सत्तर टक्क्यांचे पैसे कशाला दिले. रेडिऑन तर सोडाच. हां, पुढेमागे टँक मोठा आणि खोल करायचा असेल तर गोष्ट वेगळी.

केसिलमध्ये सगळे एलईडी दाटीवाटीने एकत्र बसवलेले असतात म्हणून पाण्यात ती सळसळणारी उन्हाची जाळी दिसते, मला ती फार आवडते, आमच्याकडे बाकी कोणाला नाही. ज्या लाइटमध्ये निळे, पांढरे, लाल एलईडी लांब लांब असतात तिथे वाळूवर लाल-हिरवे ठिपके नाचतात, डिस्को इफेक्ट म्हणतात त्याला, डिफ्यूझर (प्रकाश पसरवणारं झाकण) लावला की कमी होतं पण थोडा पार जातो. ठरवून घ्या.

ऑनलाइन मिळणारे काळे चायनीज बॉक्स वाईट नाहीत, खरंच नाहीत, बऱ्याच टँकची कोरल्स त्यांच्याखाली वाढलीत. फक्त वॉटच्या आकड्यावर जाऊ नका. डब्यावर लिहिलेले वॉट म्हणजे एलईडीच्या कपॅसिटीची बेरीज असते, प्रत्यक्षात प्लगला वॉटमीटर लावला की आकडा बराच खाली येतो. आणि त्यात दोनच चॅनल असतात, निळा आणि पांढरा, तर निळा जास्त, पांढरा अगदी कमी, बस. लाल आणि हिरवं चॅनल वेगळं असेल तर तेही कमीच ठेवा, ते फक्त आपल्या डोळ्यांना बरं दिसावं म्हणून असतं. "यूव्ही" लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा ४००-४२० चं जांभळं असतं, खरं यूव्ही नाही, उगाच घाबरू नका किंवा त्यासाठी जास्त पैसेही देऊ नका.

रंगाचं म्हणाल तर मालवणला स्नॉर्केलिंग केलेले लोक येऊन सांगतात की कोरल तर सगळं खाकी होतं, फोटोतले रंग कुठायत. तो खाकीपणा झूझँथेलीचा. टँकमधला नियॉन हिरवा, केशरी दिसतो तो कोरलमधल्या फ्लुरोसंट प्रोटीनमुळे, निळा प्रकाश शोषून ती दुसऱ्या रंगात परत फेकतात, म्हणून नुसत्या निळ्याखाली सगळं पेटल्यासारखं दिसतं. हे एवढं सोपं झालं ते निळ्या एलईडीमुळे, ज्यावर २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं तिघा जपानी वंशाच्या शास्त्रज्ञांना. त्याआधीचे लोक मेटल हॅलाइडचे दिवे लावायचे. आमच्या आईला या शोधाचं काही कौतुक नाही. "अरे, निळं निळं काय लावून ठेवलंयस, डान्सबार वाटतोय हॉल." म्हणून संध्याकाळी पाहुणे यायच्या वेळेला मी तासभर पांढरा वाढवतो. कोरलला तेवढ्याने काही होत नाही, घरात शांतता राहते.

मेटल हॅलाइडची आठवण निघालीच आहे तर हेही सांगतो की मुंबई-ठाण्यात एलईडीचा मोठा फायदा उष्णतेचा आहे. हॅलाइडची धग थेट पाण्यावर यायची, मे महिन्यात पाणी थंड करणारा चिलर घरघरत राहायचा, वर दरवर्षी बल्ब बदला. एलईडीही तापते पण ती गरमी हीटसिंकमधून वर जाते. बिलाचं बघा, दोन छोट्या मिळून ११० वॉट धरले आणि नऊ तास चालवल्या तर दिवसाला एक युनिट, तेही फुल पॉवरवर, जी आपण लावणारच नाही. दीडशेच्या दोन हॅलाइड तेवढ्याच वेळात पावणेतीन युनिट खायच्या, चिलर वेगळा.

पण आपल्या हवेत पंखे गंजतात. खारे तुषार आणि पावसाळ्याची दमट हवा, लाइटचा पंखा आधी कुरकुरतो मग थांबतो, आणि पंखा थांबला की लाइट गरम होऊन स्वतःच मंद होते किंवा बंद पडते. म्हणून पाण्यापासून आठ-दहा इंच वर टांगा, महिन्यातून एकदा ब्रशने धूळ काढा, लेन्सवर मीठ साचलं तर थंड झाल्यावर आरओच्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसा. मिठाची पातळ साय पण बराच पार खाते. वायर आधी खाली झोळ देऊन मग सॉकेटला वर न्या, म्हणजे ओघळ सॉकेटमध्ये शिरत नाही.

नवीन लाइट लावल्यावर अ‍ॅक्लिमेशन मोड (लाइट आपोआप हळूहळू वाढवणारा) असेल तर चालू करा, नसेल तर वीस-तीस टक्क्यांवर सुरू करून आठवड्याला पाच टक्के वाढवा आणि झोआकडे बघत राहा. सकाळी लाइट हळूहळू चढते तेव्हा आधी मधलं तोंड दिसायला लागतं, मग कडेची झालर एकेक करून सुटते. झालर पूर्ण आडवी पसरली तर खूश आहे. देठ लांब करून वर येत असेल तर अजून हवीय. झालर आत मुडपून घट्ट बटण होऊन बसला आणि पाण्याच्या टेस्ट ठीक असतील तर कमी करा. मशरूमची कड वाटीसारखी वर वळली तरी तेच. एकूण आठ-नऊ तास बास झाले, त्यात शेवटचा तास नुसता निळा, तो कोरलपेक्षा आपल्यासाठी. एबी प्लस वगैरे टेम्प्लेट, म्हणजे कोणीतरी आधीच बनवलेलं लाइटचं सेटिंग, डाउनलोड करा पण त्याची टक्केवारी जशीच्या तशी ठेवू नका, ती त्यांच्या टँकची आहे.

सेकंडहँड घेणार असाल तर, आणि घ्याच, हौस फिटलेले लोक सहा महिन्यांत टँक मोडतात आणि लाइट स्वस्तात निघतात, विकणाऱ्याकडून प्रत्येक चॅनल वेगवेगळा लावून व्हिडिओ मागा, काही एलईडी मेलेले असले की सगळे एकत्र लावल्यावर कळत नाहीत. पंख्याचा आवाज ऐका. मागच्या स्क्रूवर गंज बघा. अ‍ॅपला कनेक्ट करून दाखव म्हणा, आणि त्याच्या अकाउंटवरून काढून घ्या. ओरिजिनल अ‍ॅडॉप्टर सोबत नसेल तर भाव चांगलाच पाडा, कारण दुसरा मिळेपर्यंत लाइट तशीच पडून राहते.