संपलेल्या कार्डांचं काय करायचं?

सिम काढून घेतल्यावर जी प्लॅस्टिकची पोकळ चौकट उरते, ती आपल्याकडे कुणी फेकत नाही. तिच्यावर पीयूके नंबर असतो, पिन चुकून सिम लॉक झालं तर ते उघडायचा. तो ‘कधी लागला तर’ म्हणून ती चौकट गॅसच्या पुस्तकात किंवा टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये जाऊन पडते. मोबाइल बदलतो, नंबर पोर्ट होतो, चौकट आहे तिथेच. नंबर लागला आणि चौकट वेळेवर सापडली, असं मात्र मी अजून कुणाकडून ऐकलेलं नाही.

खरं तर ही चौकटसुद्धा एके काळी सिमचाच भाग होती. १९९१ मध्ये फिनलंडमधल्या एका मोबाइल कंपनीसाठी जर्मनीत पहिली सिमकार्डं तयार झाली, त्या काळात एटीएम कार्डाएवढं अख्खं कार्डच फोनमध्ये सरकवायचे. पुढे २५ बाय १५ मिलिमीटर, मग १५ बाय १२, मग १२.३ बाय ८.८. प्लॅस्टिक कापत कापत गेलं आणि सोनेरी तेवढं राहिलं. आता ई-सिम आलंय, म्हणजे हातात धरायला तेही नाही.

ते सोनेरी म्हणजे चिप, असं आपण समजतो. ते नुसते संपर्काचे पत्रे असतात, वर सोन्याचा पातळ मुलामा दिलेले. वीज आत जायला एक, घड्याळाच्या ठोक्यांना एक, बोलायला-ऐकायला मिळून एक, अशी त्यांची वाटणी ठरलेली आहे. खरी चिप त्यांच्या पोटाखाली, मसुराच्या दाण्याहून लहान. तिला स्वतःची बॅटरी नाही. मशिनने वीज दिली की जागी व्हायचं, दोन-चार सेकंद हिशेब करायचा आणि पुन्हा गप्प.

रिझर्व्ह बँकेने २०१८ च्या डिसेंबरअखेरची मुदत घालून काळ्या पट्टीची एटीएम कार्डं बदलून चिपची द्यायला लावली, तेव्हा घरोघरी कुरिअरने नवी कार्डं आली. काळ्या पट्टीवरचा मजकूर दर वेळी तोच असायचा. कुणी एकदा नक्कल केली की दुसरं कार्ड तयार. चिप दर व्यवहाराला नवी सही करते, त्यामुळे कालची सही चोरून आज उपयोग नाही. एवढी अक्कल खिशात घेऊन आपण पेट्रोल पंपावर उभे राहतो आणि ‘टॅप होत नाहीये’ म्हणून कार्ड मशिनवर आपटतो.

बाकी ठिकाणी चिपला फारसं काम नसतं. माझ्या गाडीच्या आरसी कार्डावर चिप आहे, पण ती कुणी वाचलेली मला आठवत नाही. जो तो वरची अक्षरंच वाचतो. नाशिकच्या अंबड-सातपूरच्या कंपन्यांत हजेरीची कार्डं गळ्यात असतात. हॉटेलच्या खोलीत दिवे लागायला भिंतीतल्या खाचेत कार्ड घालावं लागतं, आणि बऱ्याच ठिकाणी तिथे कुठलंही जुनं कार्ड खोचलं तरी दिवे लागतात. बाहेर जाताना एसी चालू ठेवायचा असेल तर ही माहिती उपयोगी आहे.

कुणी अशी कार्डं आवडीने जमवत असेल, हे मला आमच्या अण्णांमुळे कळलं. अण्णा शेजारी राहतात, नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमधून निवृत्त झालेले. नोकरीभर त्यांनी टपाल तिकिटांचे गठ्ठेच्या गठ्ठे पाहिले, पण गेटवर तपासणी, एक चिटोरं बाहेर न्यायची सोय नाही. आपल्याच प्रेसमध्ये छापलेलं तिकीट घ्यायला हा माणूस पोस्टाच्या खिडकीसमोर रांगेत उभा राहायचा. तिकिटांच्या अदलाबदलीतून त्यांच्याकडे फ्रान्समधली टेलिफोन कार्डं आली, आणि एका आल्बमचे तीन झाले.

चिपचं कार्ड मुळात लोकांच्या हाती रुळलं ते फ्रान्समध्येच. रोलाँ मोरेनो या हरहुन्नरी माणसाने १९७४ मध्ये पेटंट घेतलं. त्याची मूळ कल्पना तर चिप बोटातल्या अंगठीवर बसवायची होती. (त्याआधी दोन जर्मनांनीही याच कल्पनेवर पेटंटचा अर्ज केला होता, पण शोध कुणाचा हा वाद तिकडच्यांनी घालावा.) ऐंशीच्या दशकात तिथल्या सार्वजनिक फोनमध्ये नाण्यांऐवजी कार्ड आलं, ५० युनिटचं किंवा १२० युनिटचं. बोलत गेलं की चिपमधले एकेक युनिट कायमचे खर्ची पडत. रिचार्ज नाही. संपलं की कार्ड निकामी, आणि निकामी झालं की लोक ते फोनपाशीच सोडून जात. संग्राहकाला आणखी काय हवं?

आपल्याकडे त्या काळात पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ होते. आत मीटर आणि बाहेर माणूस, पैसे तो घ्यायचा. कार्डाची गरजच पडली नाही. माझ्या मते त्यात आपण फार काही गमावलं नाही, पण अण्णांना वाटतं की एक अख्खा छंद आपल्याला चुकवून गेला.

त्यांचे आल्बम बघताना मी पहिला प्रश्न चुकीचा विचारला असावा.

“अण्णा, यातली कोरी किती आहेत हो?”

“कोरी कशाला? कोरं म्हणजे दुकानातला माल. हे बघ, याचे पन्नासच्या पन्नास गेलेत. कुणीतरी यावर बोललंय.”

कोण बोललं, कुणाशी, ते कार्ड सांगत नाही. टपाल तिकिटावर शिक्का तरी असतो, गाव आणि तारीख वाचता येते. चिपने जे काही लिहून ठेवलं ते संग्राहकाला नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. म्हणून मग ही मंडळी दिसतं त्यावर तुटून पडतात. चित्र कुठलं, जाहिरात कुणाची, सोनेरी पत्र्याची नक्षी कशी, जुन्या फ्रेंच कार्डांवर असते तशी चिप वरच्या अंगाला आहे की पुढच्या कार्डांसारखी खाली. पत्र्याच्या नक्षीवरून अण्णा चिप कुणी बनवली ते ओळखतात. मी भिंग घेऊन बघितलं, मला सगळे सारखेच वाटले.

या बाबतीत नाणीवाले सुखी. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. नहपान क्षत्रपाची नाणी, आणि त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या गौतमीपुत्र सातकर्णीने आपले छाप मारलेले. जुनं वितळवत बसला नाही, त्यावरच आपलं नाव उठवलं. खालचा नहपान अजून दिसतो. रिचार्जचं मेट्रो कार्ड कितीही वेळा भरा, आधीचं काहीच उरत नाही. अंजनेरीच्या नाणेसंग्रहालयात मी हे अण्णांना म्हटलं, तर म्हणाले, “म्हणूनच मी रिचार्जची कार्डं घेत नाही.” छंदालासुद्धा तत्त्वं असतात.

सध्या ते खुशीत आहेत, कारण त्यांचा ई-पासपोर्ट आलाय. पुस्तिका नाशिकरोडच्याच प्रेसची, आत चिप आणि अँटेना. बाहेरून सोन्याचा ठिपका नाही, मुखपृष्ठावर फक्त एक छोटी खूण. या चिपची शिस्त मला आवडली. आतल्या पानावरच्या छापील ओळी मशिनने आधी वाचल्याशिवाय ती तोंड उघडत नाही. म्हणजे मिटलेला पासपोर्ट खिशात असताना कुणी बाजूला उभं राहून वाचेल म्हटलं, तर जमायचं नाही.

जुना पासपोर्ट कोपरा कापून त्यांना परत मिळाला, तो थेट आल्बममध्ये गेला. बँकेचं कार्ड मात्र मुदत संपली की आपल्याच हाताने कापून टाकायचं असतं, तेही चिपच्या मधून. टॅपचं कार्ड असेल तर आत तारेचे वेढे असतात, कापताना तेही तुटावे लागतात. परवा मी कात्री घेऊन बसले तर अण्णा दारातच, “कापू नकोस, मला दे.” मी नाही दिलं. त्यांचं म्हणणं, पासपोर्टासारखं बँकेनेही कार्डाला एक भोक पाडून ते ग्राहकाला परत द्यावं. हे मला पटलंय. भोक कुठे पाडायचं यावर मात्र एकमत होत नाही. मी म्हणते चिपमधूनच, आणि ते म्हणतात, चिप सोडून कुठेही पाडा.