तुम्ही विचारलंत म्हणून : ऑटो लावून वाजवू द्यायचं का?

मी कीबोर्ड शिकवते, त्यामुळे ऑटोबद्दल, म्हणजे कीबोर्ड आपोआप देतो त्या साथीबद्दल, पालकांचा हा प्रश्न ठरलेला असतो : "ऑटो लावून वाजवलं तर सगळं मशीनच करणार. मग मूल काय शिकणार?" माझं उत्तर असं, की जरूर लावू द्या. वाजवणाऱ्याचा कान त्यात भरपूर तयार होतो.

ऑटो सुरू केलं की कीबोर्डचा डावीकडचा भाग कॉर्ड, म्हणजे एकत्र दाबलेले सूर, ओळखायला लागतो आणि उजवीकडे चाल वाजते. ड्रम, बेस, गिटार यांचे तुकडे स्टाईलमध्ये, म्हणजे साथीच्या तयार साच्यात, आधीच भरलेले असतात. डाव्या हातानं ए मायनर ही कॉर्ड धरली की मशीन ते तुकडे ए मायनरमध्ये वळवून घेतं. पण ए मायनर कुठल्या शब्दावर धरायची, हे मशीनला ठाऊक नसतं. कॉर्ड एक मात्रा उशिरा बदलली तर सगळा वाद्यमेळ त्या चुकीत सामील होतो, आणि ती मुलांना स्वतःलाच ऐकू येते. मला ऑटो आवडतं ते यासाठी.

एका बोटानं कॉर्ड धरायची सोयही असते. यामाहावर नुसती कॉर्डच्या मूळ सुराची पट्टी म्हणजे मेजर, तिच्या डावीकडची काळी जोडली की मायनर. कॅसिओची पद्धत वेगळी. सुरुवातीला हे ठीक आहे, पण तीन बोटांची सवय लवकर लावा. पियानोवर ही युक्ती चालत नाही.

खरा विचार करावा लागतो तो रागावर बांधलेल्या गाण्यांचा. भूपात सा रे ग प ध हे पाचच सूर. त्यांतून दोनच सरळ कॉर्ड निघतात : सा-ग-प आणि ध-सा-ग. म्हणजे पांढरी एक (सी) हा सा धरला, तर सी मेजर आणि ए मायनर. सवयीनं जी मेजर दाबली की निषाद (नी) शिरतो आणि भूप उरत नाही. वृंदावनी सारंगात गंधारच (ग) वर्ज्य, त्यामुळे सा वरची साधी मेजर कॉर्डही खटकते. तिथे मी फक्त सा आणि प धरायला सांगते. बऱ्याच यामाहांना ही दोन सुरांची कॉर्ड कळते आणि साथीतला गंधार गळतो. यमनात आणखी जपावं लागतं. चालीत तीव्र मध्यम, म्हणजे चढा म, असताना स्टाईलचा बेस शुद्ध मध्यमावरून गेला तर ते कानाला सहन होत नाही. अशा वेळी कॉर्डचा भाग बंद करून नुसता ठेका ठेवावा.

ठेक्याचंही तसंच. दादऱ्यातल्या, म्हणजे सहा मात्रांच्या, भावगीताला पुष्कळजण वॉल्ट्झ हा तीन मात्रांचा पाश्चात्य ठेका लावतात. मात्रा जुळतात, पण धा धिं ना, धा तिं ना यातला दुसरा भाग खालीचा, हलका. वॉल्ट्झमध्ये दर तिसऱ्या मात्रेनंतर तेवढाच जोर येतो आणि गाणं जड होतं. तबला-ढोलकच्या स्टाईल असलेली भारतीय मॉडेलं मिळतात, घेतानाच त्यातला दादरा आणि केरवा वाजवून पाहा. सात मात्रांचा रूपक मात्र साध्या कीबोर्डवर सहसा नसतो. रूपकातलं गाणं आलं की मी ऑटो बंद करायला लावते. मूल वाजवतं आणि मी शेजारी बसून हातावर ताल देते.