पंच्याण्णव, पण कशावर?

रात्री पावणेबाराला धाकट्या भावाचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. आईचं बोट, त्याला ऑक्सिमीटर, आकडा ८३. खाली एकच शब्द: "ताई??"

मी भांडुपला, आई आणि तो परळच्या चाळीत. बाहेर ऑगस्टचा पाऊस. आईला चार दिवस ताप होता आणि त्याच दुपारी एक्स-रेत उजव्या बाजूला न्यूमोनिया निघाला होता. मेडिसिन वॉर्डात सिस्टर म्हणून बावीस वर्षं काढलीत, तरी पोटात गोळा आलाच.

फोटोत नाडीही दिसत होती, १३८. फोन लावला आणि म्हटलं, "तिच्या मनगटावर बोटं ठेव आणि घड्याळ लावून मोज." मिनिटभराने म्हणाला, "शहाण्णव." म्हणजे मशीनला नाडीच नीट सापडत नव्हती. मग त्याच्या ऑक्सिजनच्या आकड्यावर काय विश्वास ठेवायचा!

हे यंत्र नाडीवरच चालतं. बोटातून दोन उजेड जातात, एक लाल, एक डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड. ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन लाल उजेड जास्त जाऊ देतं, रिकामं झालेलं तो जास्त शोषतं. पण उजेड कातडी, हाड, शिरा हे सगळंही अडवतंच. त्यातून फक्त ठोक्याबरोबर कमीजास्त होणारा भाग उचलायचा, म्हणजे धमनीतलं रक्त कळतं. ही युक्ती जपानच्या ताकुओ आओयागी यांची, १९७४ सालची. ते खरं तर हृदय किती रक्त फेकतं ते मोजायला बसले होते आणि नाडीचे ठोके त्यांच्या मोजणीत लुडबूड करत होते. ते एप्रिल २०२० मध्ये गेले. त्याच सुमाराला आपण सगळे मेडिकलवाल्याकडे ऑक्सिमीटर आहे का विचारत फिरत होतो. आमच्या घरातलं तेव्हाचंच.

आईचे हात जात्याच गार, त्यात पंख्याखाली. भावाला ते चोळायला लावले, शालीत गुंडाळायला लावले. हात उशीवर ठेवून मिनिटभर थांबल्यावर ९३ आले, नाडी ९७. त्याने हुश्श केलं. मी नाही केलं.

"आता श्वास मोज. पूर्ण साठ सेकंद. आणि तिला कळू देऊ नकोस." कळलं की माणूस श्वास बदलतो. बत्तीस भरले. मागून आईचा आवाज आला, "मला काही... झालेलं... नाही." एवढ्याशा वाक्यात दोनदा दम घेतला. तीसच्या वर श्वास गेले की आकडा ९३ असो नाहीतर ९६, घरी थांबायचं नाही. टॅक्सी केली.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात तिची फाईल पाहिली. "एसपीओटू ९५, स्टेबल." एसपीओटू म्हणजे ऑक्सिमीटरवरचा ऑक्सिजनचा आकडा. बस. नाकातल्या नळीने मिनिटाला ४ लिटर ऑक्सिजन चालू होता, त्याचा उल्लेखच नाही. अहो, साध्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के. ४ लिटरवर अंदाजे ३६. त्र्याण्णवला ०.२१ ने भागलं तर ४४३ येतात, पंच्याण्णवला ०.३६ ने भागलं तर २६४. हा भागाकार जितका खाली, तितकं फुफ्फुस थकलेलं. आकडा दोनाने वाढला होता आणि आई रात्रीपेक्षा वाईट होती! नळीतला हिशोब ढोबळच असतो, माणूस तोंडाने श्वास घेतो. पण एवढा फरक ढोबळ हिशोबातही लपत नाही.

त्यात बोटावरचा आकडा दोन-तीन टक्के इकडेतिकडे होतोच. सावळ्या कातडीवर तो खऱ्यापेक्षा जास्तही दाखवू शकतो. पक्कं हवं तर मनगटातल्या धमनीतून रक्त घेऊन एबीजी, म्हणजे त्या रक्तातला ऑक्सिजन थेट मोजायची तपासणी. शिवाय वरून ९० पर्यंत रस्ता लोणावळ्यासारखा सपाट, रक्तातला ऑक्सिजनचा दाब घटला तरी आकडा फारसा हलत नाही. ९० ला धमनीतल्या रक्तातला हा दाब ६० च्या (पाऱ्याचे मिलिमीटर) आसपास असतो आणि पुढे खंडाळ्याचा घाट लागतो. मग थोडा दाब घटला तरी आकडा धडाधड उतरतो.

मी प्रत्येक नोंदीपुढे लिटर लिहायला सांगितले. तिथल्या सिस्टरला आवडलं नसणार. माझ्या वॉर्डात कुणी नातेवाइकाने सांगितलं असतं तर मलाही नसतं आवडलं. पण लिहू लागल्या. ४ लिटरवर ९५, २ लिटरवर ९५, सहाव्या दिवशी नळी काढली आणि ९४.

"ताई, कमी झालं की गं," भाऊ कुजबुजला.

आईने ऐकलं. "तुमचं मोजून झालं असेल तर तो चिमटा काढा, मला चहा प्यायचाय," म्हणाली. एका दमात.