कोडीचा रोडिओ: नजर घोड्यावर ठेवायची

अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाला पूर्वेकडून जायचं तर वाटेत कोडी लागतं. वायोमिंगमधलं हे लहानसं गाव 'बफेलो बिल' म्हणून गाजलेल्या विल्यम कोडीने वसवलं. गावानेही त्याचं नाव पुरेपूर वापरून घेतलंय; धरण त्याचं, म्युझियम त्याचं. गाडीतल्या मंडळींना यलोस्टोनचे गीझर, म्हणजे जमिनीतून उसळणारे गरम पाण्याचे फवारे, बघायची घाई होती. मी मात्र रोडिओसाठी, म्हणजे उधळत्या घोड्या-वळूंवर टिकायच्या आणि फास टाकायच्या खेळांसाठी, इथे मुक्काम ठेवायचाच म्हणून अडून बसलो होतो.

स्टॅम्पीड पार्कच्या रिंगणात जूनपासून ऑगस्टअखेरपर्यंत रात्री ८ वाजता रोडिओ असतो. १९३८ पासूनची ही प्रथा. मोठे नामवंत स्वार बघायचे तर ४ जुलैच्या आसपास होणाऱ्या 'कोडी स्टॅम्पीड'ला यावं. एरवी उतरतात ती बरीचशी हात बसवून घेणारी तरुण पोरं. फोटो काढणाऱ्याला ते पथ्यावरच पडतं. पडणारे जास्त, म्हणून चेहऱ्यावर दिसणारंही जास्त.

तिकीट काढताना 'बझर्ड्स रूस्ट' नावाच्या भागात बसा. जनावरं कोंडून ठेवतात ते अरुंद कप्पे, म्हणजे चूट, इथून अगदी जवळ. खेळ सुरू होण्याआधीच माझे निम्मे चांगले फोटो इथे निघाले. एक पोरगा वळूच्या पाठीवर बसून दोराला राळ चोळत होता. हातमोजा त्या दोरावर खालीवर घासायचा, राळ तापून चिकट झाली की मूठ आवळायची, वर दुसऱ्या हाताने गुद्दे मारून ती घट्ट बसवायची. वळूच्या पोटाखाली त्याच दोराला एक जड घंटा. ती शोभेची नाही. स्वाराने मूठ सोडली की तिच्या वजनाने दोर आपसूक गळून पडतो.

मग तो मान हलवतो. फाटक उघडायची खूण तीच. शिट्टी नाही, घोषणा नाही. उद्घोषकाकडे कान देऊन बसलात तर पहिली उडी गेली म्हणून समजा, आणि बहुतेक वेळा चांगली उडी पहिलीच असते.

स्वाराने एका हाताने ८ सेकंद टिकायचं. मोकळा हात जनावराला लागला की बाद. एकूण १०० गुणांत निम्मे स्वाराचे आणि निम्मे जनावराचे, म्हणजे गरीब घोडा वाट्याला आला तर टिकूनही फायदा नाही. फोटोचंही तसंच आहे. मी आंबेगावकडचा, बैलगाडा शर्यतींच्या घाटात, म्हणजे धावपट्टीवर, फोटो काढत शिकलो. तिथे बारी, म्हणजे एका गाड्याची धाव, नाकासमोर सुटते, कुठे फोकस धरायचा ते आधी ठरवता येतं. इथे घोडा कुठे वळेल ते त्यालाच ठाऊक. पण त्याला लय असते. मागचे पाय झाडतो, पुढचे टेकतात, डोकं खाली जातं. दोन उड्यांत ती लय पकडायची आणि पुढचे खुर मातीला लागताना बटण दाबायचं. त्या क्षणी मागचे पाय सर्वांत वर, स्वार मागे रेललेला आणि हॅटच्या कडेखालून त्याचा चेहरा उजेडात. हवेत चारी पाय उचललेला घोडा छान दिसतो खरा, पण जोर दिसतो तो माती उडते तेव्हा.

उजेडाचं मात्र झटपट उरकावं लागतं. जुलैत सूर्य नऊच्या सुमाराला मावळतो. तोवर धुळीत सोनं, त्यानंतर फ्लडलाइटचा पिवळट प्रकाश. शटरचा वेग १/१००० सेकंदापेक्षा हळू करायचा नाही, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता) ६४०० पर्यंत जाऊ द्यायचा. फ्लॅश बंद, जनावरासाठीही आणि स्वारासाठीही. फक्त बॅरल रेसिंगला मी शटर १/६० वर आणून घोडीबरोबर कॅमेरा फिरवतो. तीन पिंपांना वळसे घालून धावणाऱ्या या मुलींचे स्थिर फोटो मला आवडत नाहीत.

वासराला फास टाकून बांधायच्या खेळात मी कॅमेरा खाली ठेवला. आपल्याकडे बैलगाडा शर्यतींवरची २०१४ ची बंदी आणि त्यांना परवानगी देणारा २०२३ चा निकाल, दोन्ही पाहिलेत. घाटातल्या शर्यतीची बाजू घेऊन मी खूप भांडलोय. तरी दोराला हिसका बसून वासरू उलटं पडलं, तेव्हा माझ्याजवळ युक्तिवाद नव्हता. शेजारच्या आजोबांना, ते रँचवाले होते, त्यात काही वावगं वाटलं नाही. रँचवर दुखणाईत वासराला असंच धरतात, म्हणाले. असेल.

वळूंच्या वेळी सगळ्यांच्या अंगात जाड जाकीट होतं. १९८९ मध्ये याच राज्यात, शायेनला, लेन फ्रॉस्ट हा वळूस्वार वळूच्या शिंगाने गेला. त्यानंतर ही जाकिटं रूढ झाली. स्वार पडला की माझं लक्ष धावून येणाऱ्या बुलफायटरवर. वळूचं तोंड स्वतःकडे वळवून घेणारा हा माणूस पळता पळता तुडवला जाईल असं वाटतं, होत नाही.

घोड्यांच्या फेरीतही ८ सेकंदांनंतर कॅमेरा बंद करू नका. पिकअपवाला, म्हणजे घोड्यावरचा मदतनीस, आपला घोडा बाजूला आणून स्वाराला उचलून घेतो, मग वाकून उधळलेल्या घोड्याच्या कमरेचा पट्टा ओढून सोडवतो. लगेच तो घोडा उड्या थांबवून दुडक्या चालीने फाटकाकडे निघतो. माझ्या कार्डवर अशा फ्रेम सर्वांत जास्त निघाल्या, आणि घरच्यांनी मागून घेतल्या त्याही याच.