दोन व्होल्ट गेले कुठं?

आज शनिवार, सकाळची शाळा सुटल्यावर आमचा रोबोटिक्सचा तास. निम्मी पोरं डबा खात खातच आली आणि येताच तक्रार, सर गाडी रांगतेय हो, पळतच नाही. गाडी म्हणजे आपली नेहमीची लाइन फॉलोअर, जमिनीवरच्या काळ्या टेपवरून आपोआप जाणारी. दोन पिवळ्या बीओ मोटर (छोट्या, गिअरवाल्या), आर्डुइनो ऊनो (प्रोग्राम चालवणारा बोर्ड) आणि एल२९८एन ड्रायव्हर (बॅटरीची वीज मोटरला पुरवणारा), सगळं पुण्यातल्या तपकीर गल्लीतून आणलेलं. सातवीतला एक म्हणाला प्रोग्राममध्ये स्पीड वाढवू. त्यांना पहिलं हेच सुचतं, कारण मोबाईलवरचे व्हिडिओ सगळे कोडपासून सुरू होतात. मी म्हटलं स्पीड आधीच २५५ आहे, त्याच्या वर आकडाच नाही, व्होल्ट मोजायचा मीटर काढा.

बॅटरीवर ६ व्होल्ट, मोटरवर जेमतेम ४. मग एक पोरगी, जी एरवी मागच्या बाकावर गप्प असते, म्हणाली, "मग मधले दोन व्होल्ट गेले कुठं?" अहो, आयुष्य मेंटेनन्समध्ये गेलं माझं, भोसरीत नवीन लागलेली डिप्लोमाची पोरं हा प्रश्न विचारत नसत, सरळ मोटर बदलून मोकळी व्हायची. मी उत्तर नाही दिलं, फक्त ड्रायव्हरच्या काळ्या हीटसिंकला, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्याला, बोट लावायला सांगितलं. "सर, गरम आहे!" झालं की मग. आत जुन्या पद्धतीचे ट्रान्झिस्टर, ते रस्त्यात आपला टोल कापून घेतात आणि त्याची उष्णता होते. सहा व्होल्टच्या गाडीत दोन व्होल्ट म्हणजे तिसरा हिस्सा गेला ना, बारा व्होल्टवर एवढं जाणवलं नसतं.

दुसरा गोंधळ खिडकीपाशी. तिथं आलं की गाडी काळी टेप सोडून भलतीकडे. सेन्सर इन्फ्रारेडवर, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या प्रकाशावर, चालतो, पांढऱ्यावरून प्रकाश परततो, काळ्यावरून फारसा नाही, पण उन्हातही इन्फ्रारेड भरपूर, त्यामुळे त्याला टेपसुद्धा पांढरीच वाटते. वही आडवी धरून सावली केली, गाडी सुतासारखी सरळ. सेन्सरच्या एलईडीचा हा प्रकाश डोळ्याला दिसत नाही म्हणून माझ्या फोनचा कॅमेरा लावून दाखवला, जांभळट ठिपका दिसल्यावर जो आरडाओरडा झाला तो स्टाफरूमपर्यंत गेला असणार.

मुख्याध्यापिका मॅडमना २६ जानेवारीला डेमो हवाय, पाहुण्यांसमोर गाडी पळाली पाहिजे वगैरे. पळेल हो. पण मला खरं तर बिघडलेली गाडी जास्त उपयोगाची वाटते, चालणाऱ्या गाडीपुढे मुलं टाळ्या वाजवतात आणि घरी जातात. रेडीमेड किटचा मला त्यासाठीच राग आहे, सगळं खटाखट जोडलं जातं, वायर उलटी लागूच शकत नाही, मग शिकायचं काय? (घरी हे बोललो तर सौ. म्हणाली रिटायर झालात तरी ब्रेकडाऊनशिवाय करमत नाही तुम्हाला.) सरकारच्या अटल टिंकरिंग लॅबवाल्या शाळांना २० लाखांपर्यंत अनुदान असतं, आमच्याकडे लॅब नाही, पण मीटर दोन आहेत आणि ते पोरांच्या हातात असतात, कपाटात नाही.

पुढच्या शनिवारी मॉस्फेटवाला (कमी व्होल्ट खाणाऱ्या नव्या पद्धतीच्या ट्रान्झिस्टरचा) ड्रायव्हर लावून तीच गाडी, तीच बॅटरी, पुन्हा मोजायचं. तो आणायचाय, शिवाय मीटरसाठी ९ व्होल्टची बॅटरी पण, कारण कुणीतरी मागच्या वेळी एक मीटर चालूच ठेवून गेलं आणि आज विचारलं तर सगळे एकदम छताकडे बघायला लागले.